दीड गुणाने

४ फेब्रुवारी, सोमवार

हेक्टर रँकिन सकाळी फावडं घेऊनच आला. पायऱ्यांवरचं बर्फ उपसलं, मग आत येऊन डब्यातल्या दुधाचा चहा प्यायला आणि दुसऱ्या कपाला विषय काढला. त्याच्या इथल्या, बेटावरच्या सिडनीतल्या उद्योजक केंद्राला मोठा कार्यक्रम मिळालाय. बहुतेक खर्च ओटावातलं देशाचं सरकार आणि प्रांताचं सरकार मिळून करणार, आणि शिकायला येणाऱ्यांनी थोडा वाटा स्वतः उचलायचा. तीन वर्षांत चोवीस नवे उद्योग उभे करायचे. या लोकांना हात धरून पुढे नेईल अशी एक संस्था निवडायची आहे. वस्तूचा पहिला नमुना कसा करायचा, कुठे तपासून घ्यायचा, पहिलं गिऱ्हाईक कसं गाठायचं, हे सगळं त्या संस्थेनं शिकवायचं. निवड समितीची अध्यक्ष मी व्हावं असं तो म्हणतो.

"मी? मी मासळीच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळलेली बाई. मला स्टार्टअपमधलं काय कळतं?"

"तुला माणसं कळतात. आणि मर्डिना मॅकाइव्हरची सही आहे म्हटल्यावर अख्ख्या केप ब्रेटन बेटावर कुणी ब्र काढणार नाही."

खरं लिहायचं तर सुखावले. नील गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून लोक मला केक करून आणशील का एवढंच विचारतात. हेक्टर आमच्या लग्नात नीलच्या शेजारी उभा होता, आणि शवपेटी उचलतानाही पहिला खांदा त्याचाच. त्याला नाही कशी म्हणू?

हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

निकषांचा कागद आला. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे, सगळं तयार. हेक्टरने फार कष्ट घेतलेले दिसतात. मी फक्त भाषा सुधारली, दोन वाक्यं सुटसुटीत केली. एक निकष जरा खटकला: संस्थेला किमान तीन प्रांतांत कामाचा दहा वर्षांचा अनुभव हवा. आपल्या बेटावरच्या कुणाला हे जमणार?

समितीत माझ्याबरोबर गॉर्डी कर्टिस आहे, बँकेतून निवृत्त झालेला. तो कागद लांब धरून वाचत म्हणाला, "कोट छान शिवलाय. माप कुणाचं घेतलंय तेवढं सांग."

"म्हणजे काय?"

"काही नाही. घालून कोण येतो ते बघू."

चाळीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज नाकारलेला माणूस. त्याला सगळीकडे काळंबेरंच दिसणार.

हेक्टरला मी आधीच स्पष्ट सांगून ठेवलं, की ओडेट लेब्लाँ अर्ज करेल आणि ती माझ्या ओळखीची आहे. कारखान्यात एकोणिसाव्या वर्षी कॉड मासे सोलायला बसली होती. कारखाना बंद पडला तेव्हा मीच तिला कॉलेजचा फॉर्म भरायला लावला. हे मी लेखी घोषित केलं. हेक्टरने कागद घेतला, खिशात ठेवला आणि हसला. "मला तुझी काळजीच नाही. ओळखीच्या माणसाला तू उलट जास्तच रगडतेस."

१ मार्च, शुक्रवार

तीन प्रस्ताव आले. हॅलिफॅक्सवाल्यांचा अर्धवट होता, बाद झाला. राहिले दोन.

टोरंटोचे क्विलर्टन पार्टनर्स. जाड कागद, आलेख, हसऱ्या तरुणांचे फोटो. सगळं निकषांच्याच क्रमानं, जवळजवळ आमच्याच शब्दांत. किती बारकाईनं वाचलंय आमचं पत्रक!

ओडेटचा प्रस्ताव स्टेपल केलेला, चाळीस पानी. आठ वर्षं चर्चच्या तळघरात बसून तिनं एकतीस लोकांना धंद्याला लावलंय. कुणी कोळ्यांचे हातमोजे बनवतं, कुणी शेवाळाचं खत. प्रत्येकाचं नाव, आज ते काय करतात, आणि बुडाले असतील तर का बुडाले, तेही लिहिलंय. बुडालेल्यांचं कोण लिहितं?

७ मार्च, गुरुवार

चर्चच्या पॅरिश सभागृहात टारबिशचे पत्ते. दर गुरुवारी पत्त्यांना मी आणि हेक्टर जोडीदार, वीस वर्षं झाली. आज सात डाव जिंकलो. बर्निसनं, त्याच्या बायकोनं, ओटकेक आणले होते.

पत्ते पिसता पिसता हेक्टरनं विचारलं, "काय म्हणतेय तुझी परीक्षा? डोकं उठलं असेल वाचून."

"ओडेटचं फार चांगलं आहे रे. टोरंटोवाल्यांचं सगळं ठीक, पण इथे त्यांचं माणूस नाही, जागा नाही. कोळी काय पडद्यावर बघून शिकणार? तिथे मी त्यांचे गुण कापणार."

"हं," तो म्हणाला. "पत्ते वाट तू."

घरी येताना वाटलं, बोलायला नको होतं. गोपनीयतेच्या कागदावर मी सही केलीय. पण हेक्टरच तर केंद्राचा संचालक. त्याला नाही सांगायचं तर कुणाला?

११ मार्च, सोमवार

क्विलर्टनकडून खुलासा आला. मुलाखतीआधी प्रस्तावात खुलासा जोडायची नियमात मुभा आहे. निवड झाली तर सिडनीत कार्यालय उघडू, एक स्थानिक माणूस नेमू, असं लिहिलंय. नेमकं हवं होतं तेच! माझ्या मनातली एकुलती एक शंका त्यांनी स्वतःहून दूर केली. मोठ्या संस्थांची हीच तर शिस्त.

गॉर्डीला दाखवलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मनकवडी आहेत गं ही माणसं," म्हणाला.

१२ मार्च, मंगळवार

मुलाखती. क्विलर्टनच्या प्रुडन्स ॲबटबाई करड्या सुटात, आवाज लोण्यासारखा. दार उघडून दिलं तर आभार मानण्याआधी मला नावानं हाक मारली. विशेष वाटलं.

ओडेट बोटींवर घालायचा रबरी कोट घालून आली. वाटेत गाडी बर्फात रुतली होती, ती स्वतः ढकलून आली होती. खोलीत तिनं मला "मिसेस मॅक" म्हटलं नाही. कारखान्यात सगळे तसंच म्हणत. आज "अध्यक्षमहोदया" म्हणाली. मला ते आवडलं, पोरीला मर्यादा कळते.

गॉर्डीनं विचारलं, "तुम्हाला कार्यालय नाही, बरोबर?"

"तळघर आहे. शेगडी आहे, किटली आहे, आणि दाराला कुलूप नसतं."

"तीन प्रांतांचा अनुभव?"

"नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या कुणाचाच धंदा तीन प्रांतांत नाही, साहेब."

गॉर्डी हसला. मी नाही हसले. अध्यक्षानं हसू नये.

१५ मार्च, शुक्रवार

गुण दिले. आज तीनदा चहा केला आणि तीनदा गार झाला.

ओडेटला "स्थानिक जाण" या निकषाला पैकीच्या पैकी द्यावेत असं मनात आलं. मग वाटलं, हे मी देतेय की तिच्या जुन्या मिसेस मॅक देताहेत? दोन गुण कमी केले. शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलं: "अर्जदार परिचित असल्याने पक्षपात टाळण्यासाठी दोन गुण वजा."

बेरीज झाली. क्विलर्टन दीड गुणाने पुढे.

गॉर्डीनं सही करताना पेन बराच वेळ धरून ठेवलं. "तुझा शब्द म्हणून करतोय," म्हणाला.

मला वाईट वाटलं, पण आतून स्वच्छही वाटलं. माझ्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणणार नाही.

२२ मार्च, शुक्रवार

निकाल जाहीर. हेक्टरनं सगळ्यांसमोर माझा हात उंच धरला. वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला.

संध्याकाळी ओडेटचा फोन. रडत नव्हती. "हरकत नाही मिसेस मॅक. तुम्ही होतात म्हणजे रीतसरच झालं असणार. फक्त कुठे कमी पडले ते लेखी मिळेल का? तसा नियम आहे म्हणतात."

"मिळेल की. मी स्वतः लिहीन."

९ एप्रिल, मंगळवार

ओडेटचं पत्र लिहायला बसले. निकषांचा मूळ मजकूर हवा होता, म्हणून केंद्राच्या कार्यालयातून ती फाइल मागवली. माझ्या संगणकावर उघडली. फाइल कुणी बनवली ते कोपऱ्यात दिसतं, हे मला ग्रंथालयातल्या संगणकाच्या वर्गात शिकवलं होतं. हेक्टरचं नाव असेल म्हणून सहज पाहिलं.

पी. ॲबट. तारीख गेल्या नोव्हेंबरची. आमचं पत्रक निघायच्या अडीच महिने आधीची.

बंद करून परत उघडली. तेच नाव.

१० एप्रिल, बुधवार

हेक्टरला सरळ विचारलं. तो जराही गडबडला नाही.

"अगं, नमुना म्हणून चार संस्थांकडून मागवले होते. सगळे असंच करतात. कोऱ्या कागदावरून कोण सुरुवात करतं? त्यांचा बरा होता, त्यावर काम केलं."

"मग बाकीच्या तिघांचे?"

"असतील कुठेतरी. मर्डिना, तू माझ्यावर संशय घेतेस?"

तो असा बघत होता की मलाच लाज वाटली. नील आजारी असताना आठ महिने यानंच त्याला हॅलिफॅक्सला नेलं-आणलं. मी माफी मागितली. त्यानं पाठीवर हात ठेवला.

ओडेटचं पत्र पाठवलं. "अनुभवाचा विस्तार अपुरा" असं लिहिलं. तिच्या गुणपत्रिकेची प्रत जोडायला हेक्टर नको म्हणाला, म्हणून जोडली नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

कार्यक्रमाची पहिली बैठक झाली. मला बोलावणं नव्हतं, मी मागे जाऊन बसले. क्विलर्टनचं कुणी आलं नव्हतं, भिंतीवरच्या पडद्यावर एक तरुण बोलत होता. लॉइड पेटिपा नावाच्या कोळ्यानं बोटीतल्या बर्फाचं तापमान सांगणारं यंत्र केलंय. त्यानं विचारलं, "हे खाऱ्या पाण्यात तपासून कोण देणार?"

"तो दुसरा टप्पा. आधी आपण तुमची गोष्ट कशी सांगायची ते शिकू."

"माझी गोष्ट एवढीच आहे साहेब, की हे पाण्यात बंद पडतं."

सगळे हसले. पडद्यावरचाही हसला. सिडनीतल्या कार्यालयाचं विचारलं तर "प्रक्रिया चालू आहे."

आज पत्ते खेळायला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

३ मे, शुक्रवार

वाण्याच्या दुकानात बर्निस भेटली. पिठाच्या पोत्यापाशी उभ्या उभ्या गप्पा मारल्या.

"डिसेंबरात हेक्टर निवृत्त होणार, मग तुम्ही फ्लोरिडाला जाणार ना?" मी विचारलं.

"कसलं फ्लोरिडा! याला घरी बसवतं का? टोरंटोवाले इथलं कार्यालय यालाच देणार आहेत. त्या ॲबटबाई थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे जेवायला होत्या, तेव्हाच ठरलं. तुला बोलला नाही?"

आमच्याकडे थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरात असतो, म्हणजे पत्रक निघायच्या चार महिने आधी.

मी म्हटलं, "बोलला असेल. माझ्याच लक्षात नसेल."

पीठ न घेताच घरी आले.

५ मे, रविवार

चर्च सुटल्यावर त्याला बंदराच्या कठड्यापाशी गाठलं. वाहत आलेलं बर्फ अजून पाण्यात आहे, वारा कापत होता.

"स्थानिक माणूस म्हणजे तू," मी म्हटलं.

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "बर्निस ना?"

"मी पत्ते पिसताना बोलले, आणि चार दिवसांत त्यांचा खुलासा आला."

"तू बोललीस म्हणून आला. ते विसरू नकोस."

"म्हणून मला घेतलंस समितीत?"

"तुला घेतलं कारण तू सरळ आहेस. तू कुणाचं ऐकून गुण दिले नसतेस, दिलेही नाहीस. मी तुला एक शब्द तरी सांगितला का, याला दे, त्याला देऊ नको?"

नाही सांगितला. तेच तर. त्याला सांगायची गरजच नव्हती. निकष त्यानं दिलेले, माझी शंका त्यानं पोचवलेली, आणि सही माझी.

"मर्डिना, मोठं नाव आणलं नसतं तर ओटावानं पुढच्या वेळी दमडी दिली नसती. ओडेट चांगली पोर आहे, पण तळघरात किती दिवस चालणार? मी बेटासाठीच केलं."

"आणि नोकरी?"

"सदुसष्ट वर्षांचा आहे मी. मला कुणी विचारेनासं होईल याची भीती वाटते गं. तुला नाही वाटत?"

वाटते. फेब्रुवारीत त्यानं विचारलं तेव्हा वाटतच होती. हे त्याला माहीत होतं.

७ मे, मंगळवार

ओडेटकडे शेतिकाँला गेले. दोन तास गाडी चालवत काय बोलायचं ते पाठ करत होते, दारात सगळं विसरले. स्वयंपाकघरात खोकी बांधलेली. तिला बेटाबाहेर, मंक्टनला कॉलेजात नोकरी मिळालीय, सोमवारी रुजू होणार.

सगळं सांगितलं. फाइल, पत्ते, थँक्सगिव्हिंगचं जेवण. तिची गुणपत्रिकाही बरोबर नेली होती, ती दिली. तिनं फिशकेक तळता तळता गॅस बंद केला आणि उभ्यानंच वाचली. शेऱ्यापाशी थांबली.

"हे दोन गुण?"

"मला वाटलं, पक्षपात होऊ नये..."

"दीड गुणानं हरले मी."

"हो."

"हे हेक्टरनं करायला सांगितलं?"

"नाही."

"मग हे तुमचं आहे." आवाज चढला नाही तिचा. "मिसेस मॅक, त्यानं मला फसवलं ते समजतं. त्याचं माझं नातं काय? पण तुम्ही मला ओळखत होतात म्हणून मला कमी दिलंत. अनोळखी असते तर जिंकले असते."

मी एका खोक्याची दोरी सरळ करत राहिले.

"आता काय करणार?" तिनं विचारलं.

"दोन्ही सरकारांना लिहिणार. सगळं. माझं बोलणंसुद्धा."

"लिहा. पण माझ्यासाठी म्हणून लिहू नका." तिनं कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. जेवून जा म्हणाली नाही. या घरातून मी आजवर उपाशी गेले नव्हते.

९ मे, गुरुवार

पत्र टपालात टाकलं. गॉर्डीनंही वाचून खाली सही केली. "मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं," म्हणाला. "कोटाच्या गमती करत बसलो."

१६ जुलै, मंगळवार

चौकशीचा अहवाल आला. अकरा पानं. मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

निविदेच्या मजकुराबाबत "कार्यपद्धतीतील त्रुटी". संचालकांच्या भावी नेमणुकीबाबत "लेखी पुरावा आढळला नाही". बर्निसनं चौकशीत सांगितलं, की जेवणाचं तिला काही आठवत नाही. आणि शेवटी एकच गोष्ट नि:संशय सिद्ध झालीय: "समितीच्या अध्यक्षांनी गोपनीय माहिती उघड केली." ती मीच लिहून दिली होती. बाकी कुणी काही लिहून दिलंच नाही.

पण निवड टिकली नाही. क्विलर्टन आपणहून बाजूला झाले. नियमानं काम दुसऱ्या क्रमांकाला जातं. ओडेटनं एका ओळीत नकार कळवला. कार्यक्रम पुढच्या वर्षावर गेला.

काल वाण्याकडे लॉइडची बायको माझ्याकडे बघून दुसऱ्या रांगेत गेली.

२७ जुलै, शनिवार

हेक्टरनं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आज पॅरिशच्या सभागृहात त्याचा निरोप समारंभ. मला कार्ड आलं होतं, त्याच्या हातचं. जाऊ नको असं गॉर्डी म्हणाला. गेले. न जाणं म्हणजे अहवाल मान्य करणं, असं मला वाटलं.

दोनशे माणसं, फिडल, लॉब्स्टरची भांडी. मी मागे भिंतीपाशी उभी होते. भाषणाच्या शेवटी हेक्टरला मी दिसले.

"आणि मर्डिना आलीय! या वसंतात आमचं जरा बिनसलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तिच्या हातून एक चूक झाली, कुणाच्याही हातून होते. पण चाळीस वर्षांची मैत्री एवढ्यानं तुटत नाही. मर्डिना, माझ्या मनात काही नाही. ये इकडे."

टाळ्या. लोक मला वाट करून देत होते, काही जणींच्या डोळ्यांत पाणी. बर्निस ताटलीकडे बघत होती. मी चालत पुढे गेले, कारण पाय आपोआप चालू लागले. त्यानं दोन्ही हात पसरले. कॅमेरा होता.

मी हातभर अंतरावर थांबले. माइक त्याच्या हातातच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"हेक्टर, मला माफ करायला तू कोण?"

तो हसतच होता, हसू तोंडावर तसंच राहिलं.

"माझी चूक मी सही करून दिलीय. तुझी तू अजून दिलेली नाहीस. दिलीस की ये, चहा करीन."

फिडलवाला उगाच तार पिळत बसला. बाहेर येईपर्यंत सभागृह एवढं लांब आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२८ जुलै, रविवार

चर्चला गेले. माझ्या बाकावर मी एकटी. शेवटच्या स्तोत्राला गॉर्डी येऊन शेजारी उभा राहिला, बेसूर गात.

दुपारी फोन वाजला. ओडेट.

"ऐकलं काल काय झालं ते. मंक्टनपर्यंत पोचलंय."

"असं?"

"मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

मग तिनं विचारलं, "त्या लॉइडचं यंत्र कुणी तपासलं का?"

"नाही. पडून आहे."

"खाऱ्या पाण्याच्या चाचण्या तुम्हाला येतात. कारखान्यात तुम्हीच करायचात."

"त्याची बायको माझ्याशी बोलत नाही."

"तिला कुठे तपासायचंय? त्याला फोन करा. जमलं की निकाल मला पाठवा. आकडे जसे येतील तसे, वजा-बिजा काही करू नका."

फोन ठेवला तिनं. मी लॉइडचा नंबर शोधून लावला. त्याच्या बायकोनंच उचलला. मी माझं नाव सांगितलं.